गेरार्डचा बास, लुत्सेकची धार

१४ नोव्हेंबर

सकाळी तळघरातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानाचं कुलूप काढायला गेले तर गेरार्ड जिन्यावर बसलेला, मांडीवर गिटारचा ॲम्प! एवढं जड धूड घेऊन ट्रामनं आला नाही, चालत आला. ट्राम तो वापरतच नाही. का, ते मला माहीत आहे.

"बार्बुर्काला वाजवायचंय," म्हणाला. "खाणीच्या हॉलमध्ये. शेवटची बार्बुर्का आमची."

बार्बुर्का म्हणजे खाणकामगारांचा सण, चार डिसेंबरचा. आणि खाण मार्चमध्ये बंद होणार. गेरार्ड लग्नाआधीपासून तिथे इलेक्ट्रिशियन. हे सगळं त्यानं आवाज न चढवता सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं. एरवी हा मीठ मागायचं झालं तरी ओरडून मागतो.

मग नेहमीचं सुरू – "बास वाढव. पोटात बसला पाहिजे. आणि त्या ट्रामवाल्याचं जे काही आत असेल ते काढ."

"जूनमध्येच काढलं की सगळं!"

"उरलंय अजून. मला ऐकू येतं."

ट्रामवाला म्हणजे लुत्सेक, आमचा धाकटा भाऊ, ट्राम चालवतो. गेरार्ड थोरला, मी मधली. पाच वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात लुत्सेकचा ठेका चुकला आणि गेरार्ड माइकवरून म्हणाला, "घड्याळ बघून वाजव रे, ट्राम सुटेल तुझी!" अख्खा हॉल हसला. लुत्सेकनं गिटार खाली ठेवली आणि निघून गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. एकमेकांचं नावसुद्धा घेत नाहीत. बँड गेला. ॲम्प तेवढा राहिला – अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेला. आईनं वाटणी करून दिली. जून ते नोव्हेंबर गेरार्डकडे, डिसेंबर ते मे लुत्सेककडे. घटस्फोट झालेल्यांची पोरं फिरतात तसा तो फिरतो. आणि दर खेपेला माझ्या टेबलावरून जातो. "त्याचं काढ, माझं घाल!"

१५ नोव्हेंबर

ॲम्प उघडला. आधी कपॅसिटरमधला साठलेला करंट उतरवला – बंद ॲम्पसुद्धा साडेचारशे व्होल्टचा झटका देतो, एकदा घेतलाय, पुरे.

पाच वर्षांचं भांडण म्हणजे मुळात एक कपॅसिटर! ॲम्पमधल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यांतल्या पहिल्यातून दुसऱ्यात आवाज जातो, त्या वाटेवरचा. मोठा लावला की सगळा बास आत शिरतो, आवाज जाड होतो, छाती दणाणते. तो गेरार्डचा. लहान लावला की बास अडतो आणि प्रत्येक स्वर कात्रीनं कापल्यासारखा सुटा येतो. तो लुत्सेकचा. लुत्सेकला गेरार्डचा आवाज चिखल वाटतो, गेरार्डला लुत्सेकचा दाढेचं मशीन.

मोठा आणखी मोठा करायला गेले आणि हात थांबला. तिथली बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली गेलीय! काढ-घाल करून, तापवून तापवून. एका टोकाला केसाएवढी चिकटून आहे. आणखी एकदा तापवली की सुटणार, आणि बोर्ड गेला.

हे मीच केलं की. दोघांचं ऐकून ऐकून.

१७ नोव्हेंबर

लुत्सेकचा फोन. मी बार्बुर्काचा विषय काढला. चार डिसेंबरला कार्यक्रम आहे, चार दिवस जास्त राहू दे त्याच्याकडे.

"एक तारखेला ॲम्प माझा."

"खाण बंद होतेय रे त्याची."

"मला हॉलभर माणसांसमोर बंद केलं होतं, तेव्हा कोणी चार दिवस दिले होते?"

फोन ठेवताना मात्र हळूच – "तो आता काय करणार? खाणीनंतर?"

मला माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.

१८ नोव्हेंबर

दिवसभर एका म्हाताऱ्या बाईंचा रेडिओ. ॲम्प कापडाखाली झाकून ठेवला. बघवत नव्हता.

१९ नोव्हेंबर

केलं! पट्टी चिकटवली, तिचं काम एका तारेला दिलं. बोर्डाबाहेर दोन पितळी खुंट्या बसवल्या आणि कपॅसिटर त्यांच्यावर लावला. आता काहीही बदला, बोर्डाला धक्का नाही. पण मी बदलणार नाही. मी मधला लावलाय. गेरार्डचा नाही, लुत्सेकचाही नाही. जरा इतर ठिकाणीही हात फिरवला – आवाज चढवला की एक फुसफुस यायची ती घालवली, पॉवरचे व्हॉल्व्ह नवे घालून नीट जुळवले.

मग दुकानातली जुनी गिटार जोडली. मला तीनच सूर येतात, तेवढे वाजवले. काय सांगू! एवढा फाटलेला, जळता आवाज, आणि त्याच्या आत तार ऐकू येतेय. बोट तारेवरून सरकलं तेसुद्धा. जाडी आहे आणि धारही आहे. भांडणाआधी दोघं मिळून वाजवायचे तेव्हा साधारण असंच ऐकू यायचं – पण तेव्हा दोन माणसं लागायची.

पाच वर्षं मला जे सांगितलं तेच मी केलं. हा पहिला आवाज माझ्या कानानं लावलेला.

२२ नोव्हेंबर

गेरार्ड आला. वाजवलं. थांबला. परत वाजवलं.

"चांगला आहे," म्हणाला. "पण ही वरची धार... ही त्याची आहे."

आणि मी बोलून गेले! ठरवलं नव्हतं, देवाशपथ. म्हटलं, "हो. त्यानंच सांगितलं, या खेपेला गेरार्डचा बास काढू नकोस, राहू दे म्हणून. मग मी त्याची धारही थोडी ठेवली."

"असं म्हणाला?"

"हो."

"स्वतःहून?"

"हो म्हटलं ना!"

त्यानं वायर गुंडाळली. फार सावकाश गुंडाळली. जाताना म्हणाला, "हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ होतो. ट्रामच्या पुढच्या दारातून वारा येतो सगळा." आणि ॲम्प उचलून गेला.

२३ नोव्हेंबर

आता एकाशी खोटं बोललेय तर दुसऱ्याशीही बोलावं लागणार. नाहीतर एक तारखेला उघडं पडेल.

२६ नोव्हेंबर

लुत्सेकच्या ट्राममध्ये बसले, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे त्याला थोडी सुट्टी असते. केबिनमध्ये पाव-सॉसेज खात बसला होता. मला अर्धा दिला.

म्हटलं, "गेरार्ड येऊन गेला. म्हणाला, लुत्सेकची धार ठेव या वेळी."

तो चावायचा थांबला. "खोटं."

"ॲम्प आला की ऐक."

"त्यानं नाव घेतलं माझं?"

"घेतलं."

लुत्सेक खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर नुसत्या कचराकुंड्या. मग पुसलेला हात परत पुसला. "पाच तारखेपर्यंत राहू दे त्याच्याकडे," म्हणाला. "कार्यक्रमाला किती वाजता सुरुवात आहे?"

येताना ट्राममधून उतरले ती हवेतच! दोन खोटी वाक्यं. एवढ्यानं होणार होतं तर पाच वर्षं मी कपॅसिटर कशाला काढत बसले?

५ डिसेंबर

काल झालं ते सगळं लिहिते. नाहीतर छाती फुटेल.

हॉल खचाखच. खाणकामगारांचे सणाचे काळे गणवेश, टोप्यांवर पिसं, टेबलांवर वाटाण्याचं सूप आणि बिअर. गेरार्डनं गणवेशातच वाजवलं. पहिला सूर लागला आणि बोलणी थांबली. मी खूप ॲम्प ऐकलेत, पण काल... म्हातारे खाणकामगार, ज्यांना हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, तेही ग्लास खाली ठेवून ऐकत होते. आई माझा हात धरून बसली होती. "किती स्वच्छ वाजतंय गं," म्हणाली. मला रडू आलं.

लुत्सेक दाराशी उभा होता. ट्रामच्या कोटात, ड्यूटीवरून थेट. शेवटचं गाणं संपलं तसा सरळ स्टेजकडे चालत गेला.

"चांगलं झालं," लुत्सेक म्हणाला. पाच वर्षांतला पहिला शब्द! "माझी धार ठेवायला सांगितलीस. बरं वाटलं."

गेरार्ड हसत होता, तसाच थांबला. "मी? बास ठेव असं तूच सांगितलंस ना?"

"मी कुठे?"

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. ते दोघं कधी इतके सारखे दिसले नव्हते.

"आमच्या तोंडात शब्द घालायला तुला कोणी सांगितलं, ब्रिगा?" गेरार्ड. हळू आवाजात.

लुत्सेक म्हणाला, "इतकी वर्षं निदान खरं भांडत तरी होतो आम्ही." कोटाची बटणं लावली. चुकीच्या काजात लावली, तशीच राहू दिली, आणि गेला.

"अरे, सूप तरी पिऊन जा!" आई ओरडत राहिली.

गेरार्डनं ॲम्पची वायर काढली. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे. माझा मी उचलतो."

६ डिसेंबर

दुकान उघडलं नाही.

९ डिसेंबर

आईचा फोन. गेरार्डनं ॲम्प तिच्याकडे आणून ठेवला, लुत्सेक तिथून घेऊन गेला. माझ्याकडे नाही आणला. पहिल्यांदाच.

"दोघांपैकी कोणी काही म्हणालं?" मी विचारलं.

"गेरार्ड म्हणाला, ओला आहे जिना, नीट उतर. मला म्हणाला. लुत्सेक काहीच नाही म्हणाला." मग जरा थांबून, "तू जेवतेस ना गं?"

मी चांगलं करायला गेले होते. पण त्यांचं त्यांनी बोलायला हवं होतं, ते मी बोलून टाकलं. आता बोलायला शिल्लक काय ठेवलं मी त्यांना?

१३ डिसेंबर

गेरार्डला फोन केला. उचलला नाही. लुत्सेकनं उचलला, "ड्यूटीवर आहे," म्हणाला. मागे टीव्ही चालू होता.

१५ डिसेंबर

लुत्सेक! ॲम्प दारातच ठेवला. आत आला नाही.

"करकरतोय. वाजवता वाजवता मधेच कापतो. बघ."

"चहा घे."

"नको." टोपी हातात फिरवत राहिला. मग – "पुन्हा काय केलंस तू त्याला? आवाज बदललाय. पूर्वीसारखा झालाय. माझा."

"मी हातही लावलेला नाही. हॉलमधून तो माझ्याकडे आलाच नाही."

"ब्रिगा, आता तरी खरं बोल."

"खरंच बोलतेय."

विश्वास बसला नाही त्याचा. का बसावा? जिना चढून गेला.

१६ डिसेंबर

उघडला. पितळी खुंट्यांवर माझा मधला कपॅसिटर नाही. तिथे लहान आहे – लुत्सेकचा. सोल्डरचा डाग माझा नव्हे. खाणीतल्या जाड केबलींना देतात तसा गोळ्यासारखा, नीट न तापलेला, ओबडधोबड, म्हणूनच करकरतोय. असा डाग आमच्या घरात एकच माणूस देतो – गेरार्ड.

सोल्डरिंगच्या तापल्या सळईचं नुसतं टोक टेकवलं की दुरुस्त होईल. टेकवलं नाही. लुत्सेकला फोन केला – ड्यूटी संपली की ये. "काय झालंय?" म्हणाला. मी काही सांगणार नाही, म्हटलं. झाकण उघडं ठेवलंय. तू स्वतः बघ.