एका गाण्यात सुधारलेला नवरा

आदरणीय वन्सं,

सगळ्यांत आधी आला तो नवरा. माझा नव्हे, सिनेमातला. माझे आत दाढी करत होते. दार उघडलं तर समोर कडक इस्त्रीचा शर्ट, फुगलेले दंड आणि पांढरेशुभ्र दात असा एक तरुण उभा, आणि मला म्हणतो, "अगं, ऐकतेस का." मी दार लावूनच घेणार होते. तेवढ्यात तो घाबरून म्हणाला, काकू, मी तरुण संघातला, दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, मला काकांची भूमिका दिलीय म्हणून सराव करतोय. मी म्हटलं, बाळा, सराव तुझ्या घरी कर. इथे मला असं म्हणायची परवानगी एकालाच आहे, आणि त्यालासुद्धा मी पहिल्या हाकेला ओ देत नाही.

हे बघा, या गडबडीत सलाम लिहायचा राहिलाच. प्रभूच्या नावात तुम्हाला माझा आणि तुमच्या भावाचा मनापासून सलाम. त्याच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत, गुडघे वगळून. तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? थेंब वेळेवर घालता ना? (तुम्ही घालत नाही, मला माहीत आहे. सुनेने आठवण केली की रागावता.) माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे पत्रात कुठे थांबायचं ते मला कधी शिकवलंच नाही. तेव्हा चष्मा लावा आणि सावकाश वाचा.

तर सिनेमा. आमच्या चर्चला पन्नास वर्षं होतात म्हणून तरुण संघाने सिनेमा काढायचं ठरवलंय, आणि गोष्ट निवडलीय तुमच्या भावाची, म्हणजे त्यांची दारू कशी सुटली ती. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मी दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावर सांगितलं, नातीला फोन करून सांगितलं. नात म्हणाली, आजी, तसलाच सिनेमा काढणार असतील तर मी येणार नाही.

तसला म्हणजे कसला, ते तुम्हाला कळायचं नाही, तुमच्याकडच्या चर्चमध्ये पडदा नाही. आमच्या सभागृहात महिन्यातून एकदा देवाधर्माचा सिनेमा दाखवतात आणि मी पहिल्या रांगेत बसून एकूण एक पाहिलेत (पंखा त्याच रांगेवर आहे). देवाचं काम म्हणून एकदा सोडता आजवर तोंड उघडलं नाही. पण वन्सं, जीव मेटाकुटीला येतो हो. देव न मानणारा माणूस असला की तो दाढीवाला प्रोफेसरच असतो, आणि त्याच्या घरातलं कुणीतरी आजारी पडणारच. आजारी मुलाचा भांग विस्कटलेला नसतो. गरिबाच्या घरातल्या पडद्यांना झालर असते. कुणी रडणार असेल तर आधी पियानो वाजतो, म्हणजे आपण पर्समधला रुमाल काढून तयारीत राहायचं. नवरा-बायको भांडतात तेसुद्धा एकमेकांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबून. असं भांडण तुम्ही जन्मात पाहिलंय का? आणि प्रार्थना केली की खिडकीतून उजेड येतो, मग खिडकी कुठल्या का दिशेला असेना. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप दिसतो. मी आयुष्यभर त्या पाइपसमोर प्रार्थना केल्या. उजेड कधी आला नाही, पण प्रार्थना पोचल्या.

मला सिनेमातलं कळत नाही, पण गोष्टीतलं थोडं कळतं. एकतीस वर्षं रविवारच्या शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगितल्यात. गोष्टीतला माणूस फार लवकर चांगला झाला की मुलं बुटांच्या नाड्या सोडायला लागतात. मग मी त्या माणसाला जरा परत वाईट वागायला लावायची, की नाडी हातात तशीच राहायची. पाळकसाहेबांना मी हे एकदा बोलले, तर ते म्हणाले, काकू, हेतू चांगला आहे ना. हेतू चांगला म्हणून करपलेलं दूध कुणी पितं का?

असो. त्या दातांच्या दवाखान्यातल्या पोरापाठोपाठ पाळकसाहेब आले आणि सोबत दिग्दर्शक. दिग्दर्शक म्हणजे लग्नांचे व्हिडिओ काढणारा गृहस्थ. त्याने आमच्या दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या आणि सांगितलं की घर चालणार नाही, फारच घरासारखं दिसतं. शूटिंग आमच्या चर्चमधल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यात होणार. तिथे गोल जिना आहे, त्यामुळे सिनेमात आम्ही दोघं सारखे जिन्यावरून उतरतो. (जिना आमच्याकडेही आहे, पण तो इमारतीचा आहे आणि त्यावरून मी कचऱ्याचा डबा घेऊन उतरते.) मग व्हिडिओवाल्याने भला मोठा दिवा लावला आणि गोष्ट वाचायला घेतली.

गोष्ट अशी. तुमचे भाऊ छापखान्याचे मालक आहेत. (होते ते छापायचे खिळे जुळवणारे कामगार, पण कामगार दाखवला तर त्याला मोटार देता येत नाही म्हणे.) ते पितात, म्हणजे दोन केस कपाळावर आणतात. एके रविवारी बाटली घेऊन चर्चवरून चालले असताना आतून गाणं ऐकू येतं. ते थबकतात, आत जातात, गुडघे टेकतात, गाणं संपतं, बाहेर येऊन बाटली फाटकावर फोडतात. (काच झाडली कुणी ते दाखवलेलं नाही.) घरी मी पांढऱ्या कपड्यांत जिन्यावर उभी. ते म्हणतात, मी बदललो. समाप्त.

आता हे कुठून आलं ते ऐका. आमच्याकडे वार्षिक उपासनेत देवाने आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला उभं राहिलं की तीन मिनिटं मिळतात, आणि तीन मिनिटं झाली की सेक्रेटरी टेबलावरची घंटी वाजवतात. नियम चांगला आहे, नाहीतर काही जण जन्मापासून सुरुवात करतात. गेल्या वर्षी हे उभे राहिले. तुम्हाला तुमच्या भावाचं बोलणं माहीत आहे, एका वाक्यानंतर दुसऱ्याची वाट बघत बसावं लागतं. ते इथपर्यंत पोचले की मी आत गेलो, मागच्या बाकावर बसलो, गाणं चाललं होतं, मला रडू आलं. आणि टणकन घंटी. हे खाली बसले. सगळ्यांनी हालेलूया म्हटलं, दोघीतिघींनी डोळे पुसले. पुढचं वाक्य यांच्या तोंडातच राहिलं, आणि त्या दिवसापासून अख्ख्या चर्चला ठाऊक आहे की हे एका गाण्यात सुधारले.

तर वाचन संपायला आणि त्या दिव्याने फ्यूज उडायला एकच गाठ पडली. शनिवार होता म्हणून वायरमन घरातच होता. तुम्हाला मी मागे लिहिलं नव्हतं, पण दर शनिवारी सकाळी यांच्याकडे दोघं-तिघं येतात, ज्यांना दारू सोडायची आहे असे. हे त्यांना उपदेश करत नाहीत, लसूण सोलायला देतात, हात रिकामे नकोत म्हणून. वायरमन त्यातलाच. बाजाराच्या तोंडाशी दुकान आहे, दोन मुली आहेत, बायकोने दाराला आतून कडी घातलीय म्हणून दुकानातच झोपतो. तिसऱ्यांदा घसरून पुन्हा आलाय. तो लसूण ठेवून उठला, स्टुलावर चढला, आणि फ्यूज बघता बघता आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "काका, कोणतं गाणं होतं ते?"

कुणाला काही समजेना. तो म्हणाला, "मी चार रविवार मागच्या बाकावर बसून सगळी गाणी ऐकली. सोमवारी परत तेच. गाणं चुकतंय का माझ्यातच काही कमी आहे, एवढंच विचारायचं होतं."

हे एका गालाला साबण लावलेले तसेच बाहेर आले. म्हणाले, "गाणं चांगलं होतं रे. सोमवारी मीपण प्यालो."

वन्सं, पाळकसाहेबांचा कप बशीत तिरका झाला. व्हिडिओवाला म्हणाला, पण काका, हे साक्षीत नव्हतं. हे म्हणाले, घंटी वाजली. आणि मग अख्खं वर्ष अडकलेलं ते वाक्य बाहेर पडलं. की त्यानंतर सहा वर्षं लागली, त्यात ते तीनदा पडले, आणि कुठल्या दिवशी सुटली ते त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही, कारण त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं.

यावर पाळकसाहेब सावकाश म्हणाले की बिशपसाहेब येणार आहेत, मंडळींसमोर तीन तीनदा पडणं दाखवलं तर लोक खचतील. मला राहवलं नाही. मी म्हटलं, पाळकसाहेब, खचलेला माणूस तुमच्यासमोर स्टुलावर उभा आहे, आणि तो तुमचाच सिनेमा ऐकून खचलाय. (नंतर मला वाईट वाटलं. तो माणूस आजाऱ्याच्या उशाशी दिवस दिवस बसतो. फक्त गोष्ट सांगता येत नाही.) व्हिडिओवाला बोटं मोजायला लागला, की सिनेमा चाळीस मिनिटांचा, तीन वेळा पडायला वेळ कुठून आणू. मी म्हटलं, जिन्यावरून उतरणं काढा, बराच वेळ मिळेल.

खूश झाला तो एकटा सिनेमातला नवरा. त्याने यांना विचारलं की काका, हात कसा थरथरवायचा, आणि थरथरवून दाखवला तो असा, जसा काही विजेचा झटका बसलाय. हे म्हणाले, "थरथरवायचा नसतो. थांबवायचा असतो." आणि भरलेला कप त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, समज समोर मालक उभा आहे, त्याला कळता कामा नये. वन्सं, त्या पोराने तो कप दारापासून टेबलापर्यंत नेला आणि मी नजर वळवली. मला तो काळ आठवला. असं एकदाही आमच्या पडद्यावर दाखवलं नाही हो कुणी. पण पाळकसाहेब काही हो म्हणाले नाहीत. विचार करतो म्हणाले, आणि सगळे पायऱ्या उतरून गेले.

तब्येतीला जपा. सुनेवर रागावू नका.

तुमची भावजय

ता. क. खरं तर यासाठीच पत्र लिहायला घेतलं. पाळकसाहेब हो म्हणाले तर हे तीनदा कसे पडले तेही पडद्यावर येईल, आणि दुसऱ्यांदा हे पडले ते तुमच्या मुलीच्या लग्नात, आणि ग्लास हातात दिला होता तुमच्या यजमानांनी. ते आता नाहीत, आणि मनाने वाईट नव्हते, त्यांना कुणाचा ग्लास रिकामा बघवत नसे. मेव्हण्याऐवजी मित्र दाखवा असं मी सांगू शकते, पण खोटं नको म्हणून मीच तर सगळ्यांना धारेवर धरलंय. तुम्ही हो म्हणाल तरच ते दाखवू. फोन करून काय ते सांगा, आणि रागवायचं असेल तर फोनवरच रागवा.

ता. क. दुसरा. पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तिसऱ्या वेळेचं लिहिलं नाहीस. व्हिडिओवाल्याला मी त्या दिवशी जाता जाता असं सांगितलंय की तिसऱ्या वेळी मी चार महिने गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होते. तुमच्यापासूनही आजवर लपवलं, वन्सं. खरं म्हणजे मी यांची ट्रंक दाराबाहेर काढून ठेवली आणि मुलांना सांगितलं की बाबांना परगावी काम लागलंय. हे चार महिने छापखान्याच्या कागदाच्या गोदामात राहिले. मग एका सकाळी दूध आलं समजून दार उघडलं, तर हे. मी ते दार परत का लावलं नाही, ते मला आजही धड सांगता येत नाही. एवढं एक सिनेमात नको असं मी यांना म्हटलं.

ता. क. तिसरा. वायरमन आज फ्यूज नीट बसवायला आला होता आणि तुमच्या भावाने त्याला ट्रंकेचं सांगून टाकलं. (एरवी तोंड उघडत नाहीत.) त्याने पक्कड खाली ठेवली. मग मला म्हणाला, "काकू, ते तेवढं घाला. माझ्या बायकोला दाखवायचंय. तिला वाटतं प्रार्थना करणाऱ्या बाईने कडी घालू नये." मी ट्रंक माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय. पाळकसाहेब आणि मंडळी पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला परत येणार आहेत, त्याच्या आत तुमचा फोन येऊ दे.