सरळ गेलेला उंट

कुकटपल्ली,
१६ मे २०२१

ती. काकांना तेजश्रीचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, मी बरी आहे. घरून काम सुरू झाल्यापासून माझं आणि रूममेट भाग्यलक्ष्मीचं टेबल एकच होतं. तिच्या मीटिंगमधले प्रश्न मला ऐकू यायचे आणि माझी उत्तरं तिच्या साहेबाला. शेवटी मी कपाट सरकवून एक कोपरा रिकामा केला. कपाटामागच्या खोक्यात आपला बुद्धिबळाचा छोटा पट निघाला, तुम्ही मला आठवीत दिलेला. मोहऱ्यांना खाली खुंट्या आणि पटाला भोकं असल्यामुळे अर्धा राहिलेला डाव जसाच्या तसा उभा आहे. लातूरहून सिकंदराबादला एका पत्रात एक चाल, असा आपण खेळत होतो. दहावीच्या क्लासमुळे तो थांबला.

पांढरे मोहरे तुमचे. तुम्ही एक घोडा फुकट दिला होता आणि त्या बदल्यात माझ्या राजाभोवतीची प्यादी उधळून लावली होती. तेव्हा मला ती तुमची चूक वाटली होती. आता नीट पाहिलं, चूक नव्हती. चाल तुमची आहे. खेळणार का?

भाग्यलक्ष्मी म्हणते, काका याच शहरात आणि तू पत्र लिहितेस, वेड लागलंय तुला. पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि काकू हल्ली फोनवर येतच नाही. मी केव्हाही फोन केला तरी ती झोपलेली असते. आयुष्यात तिला मी दिवसा झोपलेली पाहिलेली नाही. तिचं काय चाललंय ते कळवा.

लोभ आहे तसाच राहू द्या.

आपली,
तेजश्री

॰

मलकाजगिरी, सिकंदराबाद,
२१ मे २०२१

चि. तेजश्रीस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमन अन्नाने फाटकावरून आत टाकलं आणि लांब उभा राहून हात हलवला. मी ते तासभर उन्हात वाळवलं आणि मग वाचलं. हल्ली पत्राचासुद्धा पापड करावा लागतो.

एवढी मोठी इंजिनीअर झालीस, चिपा तपासतेस, आणि म्हाताऱ्या काकाशी खेळायची हौस अजून आहे, बरं वाटलं. डाव मलाही आठवतो. पट काढून खिडकीजवळच्या पलंगाशेजारी स्टुलावर मांडला आहे. माझी चाल अशी: वजिराने तुझं डावीकडचं अगदी कडेचं प्यादं मारलं.

काकू मजेत आहे. कैऱ्यांचं आवकाय लोणचं घालण्यात गुंतली आहे, हात मसाल्याचे असतात, म्हणून फोनवर येत नाही. तू बिलकुल परेशान होऊ नकोस. लॉकडाऊन उठला तरी इतक्यात यायची घाई नको. अजून दिवस वाईट आहेत.

तब्येत सांभाळ. पत्र टाकत जा, मला करमतं.

तुझा,
भगवंतकाका

॰

कुकटपल्ली,
२५ मे २०२१

ती. काकांना सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. चाल पाहिली आणि पट पुन्हा तपासला, मीच मोहरे चुकीच्या भोकात खोचले आहेत का म्हणून. तसं नाही. काका, घोडा देऊन तुम्ही माझ्या राजाला उघड्यावर आणलंत आणि आता वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन एक प्यादं खाल्लंत. घर फोडायला आलेल्याने अंगणातली चप्पल घेऊन परत जावं तसं झालं. मी माझा घोडा राजाशेजारी आणून बसवला आहे. आता मला श्वास घेता येतो.

लोणच्याचंही मला पटलेलं नाही. काकू फोडींना मसाला लावताना फोन खांद्याने कानाशी धरून आईशी गप्पा मारते, हे मी स्वतः पाहिलं आहे. शिवाय लॉकडाऊनच्या सकाळच्या सवलतीच्या वेळात कैऱ्या आणल्या कोणी? तुम्हाला मंडईत पाऊल टाकायचं नाही अशी तिनेच ताकीद दिली होती ना?

राग मानू नका. चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्यात काय चुकू शकेल ते शोधणं, हे माझं काम. सगळं ठीक आहे असं कोणी म्हटलं की माझं काम सुरू होतं. पुढच्या पत्रात खाली काकूच्या हातची एक ओळ असू द्या. लोभ असावा, आणि तेवढी ओळही.

आपली,
तेजश्री

॰

मलकाजगिरी,
३० मे २०२१

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

तू थेट युवराजवर गेली आहेस. रेल्वेत मौलाअलीच्या सिग्नल केबिनमध्ये माझ्याबरोबर हा युवराज सांधेवाला होता. जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गार्ड आपल्याला बघून हसतो, असा त्याला संशय. शेवटी एका गार्डाला थांबवून त्याने विचारलं. तो गार्ड बिचारा जन्मतः तसाच हसऱ्या तोंडाचा होता. तेव्हा तुझा संशय ऑफिसात ठेव आणि घरच्यांवर विश्वास टाक.

कैऱ्या शेजारच्यांनी आणून दिल्या, मसाला बेगम बाजारातला मागच्या वर्षीचाच होता. काकूला ओळ लिहायला सांगितली, पण तिच्या हाताला तिखटाची आग होते आहे. पुढच्या वेळी लिहील.

माझी चाल: पांढऱ्या घरातला उंट एक घर सरळ पुढे.

जेवत जा वेळेवर. तिकडचं ते डब्यातलं खाणं जास्त नक्को. आठवण असू दे.

तुझा,
भगवंतकाका

॰

कुकटपल्ली,
३ जून २०२१

ती. काकांना नमस्कार.

आज इकडचं तिकडचं लिहीत नाही.

उंट तिरका चालतो. सरळ कधीच जात नाही. हे मला तुमच्याच पत्राने शिकवलं होतं. चाल वाचून आधी वाटलं, पत्र दुसरंच कोणी लिहितंय. पण अक्षर तुमचंच आहे, ओळीच्या शेवटी वर चढत जाणारं. मग वाटलं, तुम्हाला कोरोना होऊन गेला असेल आणि तुम्ही विसरायला लागला असाल, हल्ली असं होतं म्हणतात. पण त्याच पत्रात तुम्हाला युवराज सांधेवाला त्याच्या संशयासकट आठवतो. तेव्हा तेही नाही.

मग मी पत्रं बाजूला ठेवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे, तेव्हा आपण समोरासमोर खेळायचो. चाल अवघड असली की तुम्ही पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचात. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबायचा. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू व्हायचा आणि तुम्ही बाहेर येऊन, न बसताच, मोहरा उचलायचात. मला वाटायचं काकांना तहान फार लागते.

काका, हा डाव तुम्ही कधी खेळतच नव्हता. आणि जी खेळत होती, ती आता खेळत नाही.

मला लोणच्याबद्दल काही विचारायचं नाही. काकू कुठे आहे? पुढच्या गुरुवारपर्यंत उत्तर आलं नाही तर सवलतीच्या वेळात मी तुमच्या दारात उभी असेन.

तेजश्री

॰

मलकाजगिरी,
७ जून २०२१

चि. तेजश्रीस आशीर्वाद.

काकू घरात आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील.

एप्रिलमध्ये तिला कोरोना झाला. मला नुसता ताप येऊन गेला, तिला दवाखान्यात न्यावं लागलं, ऑक्सिजनवर होती. घरी आणताना डॉक्टर म्हणाले, छाती सुधारते आहे. पण घरी आली ती बोलतच नाही. हं आणि नको, एवढंच. तिकडे शेजारच्या पलंगावर एक बाई होती, तिच्याशी हिची गट्टी जमली होती. ती हिच्या डोळ्यांदेखत गेली. तेव्हापासून ही भिंतीकडे तोंड करून पडून असते. खाणं घासभर. डॉक्टर फोनवर बजावतात की तिला उठवा, बसवा, चालवा, नाहीतर सुधारलेली छाती पुन्हा बिघडेल. मी कसं उठवू? हाताला धरलं की हात सोडवून घेते.

लेक चिन्मय कॅनडात. त्याला सांगितलं तर तिकडे नुसता तळमळेल, येता तर येणार नाही. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, हृदयाच्या दुखण्यामुळे सांगितलं नाही. तुला सांगितलं की त्यांना कळणारच.

खेळाचं तू बरोबर ओळखलंस. तिला तिच्या वडिलांनी बिदरला शिकवलं. लग्न होऊन आली तेव्हा गावी आमच्या ओसरीवर पट मांडलेला असायचा, पण तिथे सुनांनी बसायची रीत नव्हती. मी सगळ्यांकडून हरायचो. एकदा पाणी प्यायला आत गेलो तर ही भाकरीवरची नजर न काढता म्हणाली की हत्ती राहू द्या, घोडा पुढे घ्या. त्या दिवशी मी जिंकलो आणि त्यानंतर मला तहान लागायला लागली. पुढे ओसरी सुटली, रेल्वेचं घर मिळालं, रीत सांगणारं कोणी उरलं नाही, पण आमची सवय राहिली. पत्र मी लिहायचो म्हणून तुझ्या लेखी खेळाडू मी झालो. मी म्हणायचो, तेजूला सांगू या. ती म्हणायची, राहू द्या, काकाला हरवायचं म्हणून पोरगी डोकं चालवते.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, देवाने चाल सुचवली. पट तिच्या उशाशी मांडला. ठरवलं की वाईट खेळायचं आणि मोठ्याने सांगायचं. तिला आजवर चुकीची चाल सहन झालेली नाही. वजीर नेला, तिने पाहिलं नाही. मग उंट सरळ नेला. या वेळी तिने पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता बोलेल, आता शिव्या घालेल. ती भिंतीकडे वळली. मग मीही हट्टाने तेच लिहून तुला पाठवलं.

आता माझ्याकडे काही उरलेलं नाही. तू येऊ नकोस, दारात कोणी दिसलं तरी तिला धाप लागते. पण तिला लिही. मी वाचून दाखवीन.

तुझा,
भगवंतकाका

॰

कुकटपल्ली,
१० जून २०२१

ती. काकूस तेजश्रीचा सा. नमस्कार, वि. वि.

काकांनी सगळं कळवलं. मला सांत्वन करता येत नाही, म्हणून करत नाही.

काकांचा सरळ गेलेला उंट मी माझ्या पटावर मागे ठेवला आहे. ती चाल धरायची नाही. त्यांनी वजीर नेला ती चाल मात्र वाईट असली तरी नियमात आहे, ती परत मिळणार नाही. तो वजीर माझ्या बाजूला एकटा अडकला आहे. तुझी चाल झाली की मी त्याला कोंडणार. तू आजारी आहेस म्हणून मी एक प्यादंही सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

खेळायचं नसेल तर तसं कळव. मग डाव मी जिंकला असं धरीन आणि आईलाही सांगीन. ती विचारील, कोणाशी जिंकलीस? मला खरं सांगावं लागेल. बाबांपर्यंत ते कसं आणि केव्हा पोचवायचं ते तू ठरव. काकांना ते ठरवता येत नाही असं दिसतं.

आणखी एक. शाळेत असताना मी ज्याच्याकडून हरायचे, त्याचा मला फार राग यायचा आणि त्याच्यासारखं डोकं आपल्याला असावं असंही वाटायचं. ते डोकं कोणाचं ते आत्ता कळलं. मला त्याच्याशी हा डाव पुरा करायचा आहे. तेवढी इच्छा आहे.

काका हे पत्र वाचून दाखवताना मध्ये थांबले तर त्यांना पुढे वाचायला सांग.

तुझी,
तेजश्री

॰

मलकाजगिरी,
१६ जून २०२१

चि. तेजूस आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे. पेन अजून धरवत नाही. एक ओळ झाली की थांबते, दम खाते, मग पुढची. हे शेजारी बसून मान लांब करताहेत, मी वाचू देत नाही.

तुझं पत्र यांनी सांगून लिहवून घेतलं, हे मला कळतं. आधी तू डाव काढलास, मग यांनी उंट सरळ नेला. इतकी वर्षं पट मांडणाऱ्या माणसाला उंट कसा चालतो ते ठाऊक नाही होय? मला ठाऊक होतं की मुद्दाम चाललंय. तरी मी बोलले नाही, त्याला कारण होतं.

दवाखान्यात शेजारी चतुराबाई होती, जहीराबादकडची. तिला झोप यायची नाही, मलाही नाही. मी चादरीवर बोटाने चौकोन काढून तिला खेळ शिकवत होते. प्यादं झालं, हत्ती झाला, घोडा तिला लगेच समजला. उंट उद्या दाखवते म्हणाले. उद्या तिथे चादर बदललेली होती.

म्हणून यांनी उंट सरळ ठेवला तेव्हा मी तो बघत राहिले. मला वाटलं, तिने असाच ठेवला असता, तिला सांगायचं राहिलंच होतं. मग तो मला हलवून नीट ठेवावासा वाटेना.

तुझं पत्र वाचताना हे मध्ये दोनदा थांबले. मी पुढे वाचायला सांगितलं. संध्याकाळी मी उठून उंट जागेवर ठेवला. तू म्हणालीस म्हणून नाही. चतुराबाईला दाखवायचा होता, तसा एकदा तिरका नेऊन दाखवला आणि मग जागेवर ठेवला. हे स्वयंपाकघरात होते, यांनी पाहिलं नाही. विचारतील तर सांगू नकोस.

आता खेळाचं. राजाशेजारी घोडा आणून बसवलास आणि मला लिहिलंस की श्वास घेता येतो. अगं, राजाला पळायला तेवढं एकच घर होतं, तिथेच तू आपला घोडा बांधलास. माझा उजवीकडचा हत्ती सरळ तुझ्या राजासमोर आला आहे. शह. वजीर तुला कोंडायचा असेल तर खुशाल कोंड, मला तो नको आहे.

चिन्मयला आणि दादाभाऊजींना मी स्वतः सांगेन, या रविवारी, आवाज जरा सुधारला की. तोवर तू गप्प राहा. आज खुर्चीत बसून जेवले. भाकरी यांनी केली होती, एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने करपलेली. खाल्ली.

माया आहेच, ती काही पत्रात लिहायला नको. चाल चुकीची वाटली तर यांना कळवू नकोस. मला लिही.

तुझी,
त्रिवेणीकाकू