देवघरातला बोल्ट

शनिवार, दसऱ्याचा दुसरा दिवस



आज मी एका घरामागे आमच्या छोट्या ट्रॅक्टरने पाइपसाठी चर खणत होते. माझा भाऊ अण्णा चरात उतरून माती बघत होता. अचानक ट्रॅक्टरच्या मागच्या खोदणाऱ्या हाताची पिन निसटली आणि बकेट त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर कोसळली. पिन अडवणारा बोल्टच जागेवर नव्हता.

कसा असेल? आयुधपूजेच्या सकाळी ग्रीस भरताना मीच तो काढला होता. तेवढ्यात वहिनीने हाक मारली, "पाने-पकडी दे गं, पूजेला मांडायचेत. आज हत्यार चालवायचं नाही." मी हत्यारांचा सगळा ट्रेच, त्यात ठेवलेल्या बोल्टसकट, तिच्या हातात दिला. आत्ता बोल्ट देवघरात सापडला, कुंकू लावलेला. देखभालीच्या वहीत मात्र माझ्याच अक्षरात आहे: बोल्ट घट्ट केला. काम होण्याआधीच लिहिलं? मी?

पलीकडच्या खोलीत अण्णा वहिनीला सांगतोय, "उतरण्याआधी वही बघितली होती. तिने लिहिलंय म्हणजे केलेलंच असणार. पिनच स्वल्प झिजली असेल."

"आणि सोमवारी परत उतरणार?"

"का नको? मशीन तिच्या हातात आहे ना."

बोल्ट समोर टेबलावर आहे. आता उठते आणि त्याला सांगते.