हरिहर हार्डवेअर आणि वरचा मजला

१२ ऑक्टोबर १९९६, ठाकुर्ली
आज कमालच झाली! दुकानाच्या वर टायपिंग क्लास चालवणाऱ्या कलावतीबाई खाली आल्या. क्लासला कॉम्प्युटर घेतलाय. म्हणाल्या, याचं हार्डवेअर इथे कोण बघतं? मी म्हटलं, अहो, बापजाद्यांपासून दुसरं काय बघतोय? त्या हसल्या. झालं, ठरलं! दिवाळीच्या पाडव्याला दोन किलो चकली घेऊन वर जायचं आणि सरळ लग्नाचं विचारून टाकायचं.

१३ ऑक्टोबर
पाटी नवीन रंगवली. 'खिळे, बिजागऱ्या, कड्या, कॉम्प्युटर.' झकास दिसतेय.

१५ ऑक्टोबर, दुपार
वर जाऊन पाहणी केली. फ्लॉपी आत सरकताना करकरते. करकरणाऱ्या वस्तूला काय लागतं हे मी झोपेतही सांगेन. शिलाई मशीनचं तेल सोडलं. वर एक थेंब प्रेमाचा. आवाज बंद!

१६ ऑक्टोबर
कॉम्प्युटरही बंद. बाई काळजीत, दसऱ्यानंतर नवी बॅच आहे. मी धीर दिला, नवं यंत्र आहे, रुळेल.

१८ ऑक्टोबर
बाईंनी ठाण्याहून सुधीर नावाचा कॉम्प्युटरवाला आणला. पाप्याचं पितर. स्क्रूड्रायव्हर केवढा, तर दातकोरण्याएवढा! तरी चालू केलान. तेल कुणी घातलं, विचारत होता. स्वतःची जाहिरात करायचा आपला स्वभाव नाही.

२१ ऑक्टोबर, दसरा
दरवर्षी दुकानात हातोडी, करवत, तराजू मांडून पूजा करतो. मग वरचं यंत्र काय पाप करून बसलंय? बाई भावाकडे आंबिवलीला गेलेल्या. शेजारच्या गंगुबाईंकडून किल्ली घेतली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार. आपट्याचं पान फ्लॉपीच्या फटीत काय मापात बसलं म्हणून सांगू! नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं. शुभच की.

२३ ऑक्टोबर
सुधीर परत आलेला. फटीतून पान काढताना हसून हसून खाली बसला. बाई हसल्या नाहीत. बॅच पुढे ढकलली. भोळ्या आहेत, पूजेचं फळ लगेच कुठे मिळतं?

२६ ऑक्टोबर
बाई स्वतः दुकानात! सगळ्यात दणकट कडी-कोयंडा आणि कुलूप मागितलं. कशाला, विचारलं. म्हणाल्या, कॉम्प्युटरच्या खोलीला. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी सुधीरकडे.

मीच वर जाऊन बसवून दिलं. बाईंनी कुलूप लावल्यावर दार ढकलून पाहिलं. हललंसुद्धा नाही. आपल्या मालाला तोड नाही.

मग जरा वेळ जिन्यातच बसलो.

पाडव्याला चकली पाव किलो पुरे.