सात वीसची ओळ

मनमाड,
दि. ६ जानेवारी

चि. सौ. सगुणास,
गोरक्षदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस तरी मला निम्मंच ऐकू येतं, शेजाऱ्यांना मात्र सगळं कळतं. म्हणून कागदच बरा.

मुन्नाशेठ ठेकेदाराने मोठं काम दिलं आहे. आपल्या बाजूच्या बारा स्टेशनांवरचे वेळापत्रकाचे फलक नव्याने रंगवायचे. चार झाले. हात अजून थरथरत नाही, देवाची कृपा.

आता मुख्य गोष्ट. मला गाड्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात तुझी सकाळची सात वीसची नाशिकरोड पॅसेंजर नाही. आधी वाटलं, चुकून गळली असेल. रेल्वेच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले की रुळांच्या कामासाठी गाडी तात्पुरती बंद आहे, तुम्ही यादीप्रमाणे रंगवा. पण सगुणे, मी चाळीस वर्षं फलक रंगवतोय. गाडी महिनाभर बंद असली तरी तिच्या ओळीला कुणी हात लावत नाही. शिवाय यादीवर तारीख आहे दहा ऑक्टोबरची, आणि रुळांचं काम निघालं डिसेंबरात. चारही फलकांवर मी ती ओळ पुसली आणि खालच्या ओळी वर सरकवल्या, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतक्या सफाईने. तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आरोहीचा बोलण्याचा वर्ग कसा चालला आहे? माझ्या पोरीला जप.

तुझा,
दादा

नांदूरखेडे,
दि. १२ जानेवारी

ती. दादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग साहेबांचा, आणि शेवटी माझाच. पंधरा दिवसांत गाडी सुरू होईल या स्टेशनातल्या साहेबांच्या बोलण्यावर मी पाच आठवडे विसंबून राहिले.

वर्ग कसा चालला विचारतोस. बंद आहे. वर्ग साडेनऊचा. जीपने लासलगाव, तिथून एसटी, नाशिकरोडला पोचेपर्यंत अकरा वाजतात. नात माझी पाच वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. ऑपरेशन होऊन कानामागे यंत्र बसलं तेव्हा कुठे आवाज तिच्यापर्यंत पोचला. या दिवाळीत तिने मला पहिल्यांदा आज्जी म्हटलं, तेव्हा माझ्या हातातली परात पडली होती. आता पाणी हवं असलं की पुन्हा नुसता अंगठा तोंडाकडे नेते. तिच्या शिक्षिका हर्षालीबाई म्हणाल्या की या वयात खंड पडला तर शिकलेलं निसटतं, आणि परत धरायला फार जड जातं. आणि आमचा शेखर, बाप असून, म्हणतो की गाडी येईपर्यंत वर्ग राहू दे. चांगलं फैलावर घेतलं त्याला.

मागच्या आठवड्यात खुर्शीदा आणि मी रेल्वेच्या मोठ्या ऑफिसात गेलो होतो. खुर्शीदा आमच्याच डब्यातली, नाशिकरोडला पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. तिथले साहेब म्हणाले की गाडी रद्द झालेलीच नाही, तर तक्रार कशाची घ्यायची? वर असंही म्हणाले की तिला उतारू नव्हतेच. बाहेर आल्यावर खुर्शीदा म्हणाली की लय झालं आता, उद्यापासून रोज सातला फलाटावर उभं राहायचं, गाडी येवो नाहीतर न येवो, आणि वहीत सह्या करायच्या. आज सहावा दिवस. बेचाळीस माणसं होती. आरोही माझं बोट धरून उभी असते.

दादा, ती यादी मला पाठव. त्या तारखेपुढे साहेबांना बोलायला जागा राहणार नाही. हक्काने मागतेय, म्हणजे लोभ आहे असंच समज.

तुझी,
सगुणा

मनमाड,
दि. १५ जानेवारी

चि. सौ. सगुणास,
अनेक आशीर्वाद.

यादी पाठवता येणार नाही. तिच्यावर मुन्नाशेठचं नाव आहे. कागद बाहेर गेला की कुणी दिला हे कळायला वेळ लागायचा नाही. सगळीकडे छापील फ्लेक्स आले, माझ्या वयाच्या पेंटरला आता कोण विचारतो? हे बारा फलक बहुधा माझं ब्रशचं शेवटचं काम. ते मला पुरं करू दे. शिवाय एका कागदाने गाडी धावत नाही.

पुढच्या गुरुवारी तुमच्या स्टेशनची पाळी आहे. शिडीजवळ येऊन काही बोलू नकोस, मला सोसायचं नाही. राग धरू नकोस असं सांगणार होतो, पण तू धरणारच.

दादा

नांदूरखेडे,
दि. १९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न.

यादी नको. शिडीजवळही येत नाही. पण सातला आम्ही फलाटावर असतोच, तेव्हा ती ओळ तू आम्हा सगळ्यांच्या देखत पुसशील, एवढं ध्यानात असू दे.

डबा आणू नकोस. बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत शेखरबरोबर पाठवते. रागावले आहे, पण तुला उपाशी ठेवण्याइतकी नाही.

सगुणा

मनमाड,
दि. २६ जानेवारी

चि. सौ. सगुणास,
अनेक आशीर्वाद.

भरीत झणझणीत होतं. मी तुझ्याशी एक शब्द न बोलता निघून आलो, तो इथे बोलतो.

शिडीवर चढलो तेव्हा वाटलं होतं, तुम्ही माझ्याकडे रोखून बघाल. कुणी बघितलं नाही. सात वीस झाले तशा सगळ्यांच्या माना एकदम मनमाडच्या बाजूला वळल्या. गाडी नाही हे माहीत असून वळल्या. मग खुर्शीदाने वही उघडली. तेवढ्यात आरोहीने मला ओळखलं आणि माझ्याकडे बघून तोंड हलवलं. मला काही ऐकू आलं नाही. माझे कान गेले म्हणून, की पोरीचा आवाज गेला म्हणून, तेही समजेना. ब्रश डब्यात ठेवला. फार राग आला, सगुणे, आणि तो माझ्यावरच होता.

मग मी ओळ पुसली नाही. खोटंही लिहिलं नाही. न धावणारी गाडी धावते असं लिहिणं माझ्या हाताला जमायचं नाही. सात वीस जागेवर ठेवली आणि पुढे लाल रंगात लिहिलं, बंद केली, यादी दि. १० ऑक्टोबर. साहेब, केलंत ना, मग लोकांना दिसू दे. पुढच्या दोन दिवसांत आधीच्या स्टेशनांवर परत जाऊन पुसलेली ओळ तिथल्या वेळेसकट शेवटी घातली आणि पुढे तेच लिहून आलो.

काल मुन्नाशेठने शिडी आणि रंगाचे डबे नेले. माणूस वाईट नाही, घाबरलाय. यादी सोबत जोडली आहे. बिनधास्त वापर, मला आता कुणाची भीती नाही.

तुझा,
दादा

नांदूरखेडे,
दि. ३ मार्च

ती. दादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात गाडी आली.

तुझ्या लाल अक्षरांचे फोटो गावोगावच्या फोनवर फिरले. मग ऑफिसातून आम्हाला बोलावणं आलं. फलकाला हात लावायची परवानगी कुणी दिली, हाच त्यांचा पहिला प्रश्न. खुर्शीदाने टेबलावर वही आणि यादी ठेवली आणि म्हणाली की गाडी बंद केली असं सही करून लिहून द्या, आम्ही घरी जातो. सही कुणीच करेना. तीन आठवडे गेले, आणि आता गाडी सोडली आहे, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. पुन्हा हळूच काही करतील, म्हणून वही चालूच ठेवली आहे. हल्ली सह्या डब्यात होतात.

हर्षालीबाई म्हणाल्या की बरंच मागे जाऊन सुरू करावं लागेल, पण पोर हाती लागेल. आज तिने पाणी मागताना अंगठा दाखवलाच, पण 'पा' म्हणाली. मला एवढं पुष्कळ आहे.

तुझी लाल अक्षरं त्यांनी पांढऱ्या रंगाने झाकली, आणि सात वीसची वेळही त्याखाली गेली. गाडी सुरू झाली तरी ती लिहायला कुणी फिरकलं नाही. शेवटी काल खुर्शीदाने स्टूल धरलं आणि दाराचा उरलेला रंग घेऊन मीच चढले. सात वाकडा आला, वीसमधलं शून्य फुगलंय. सगळा फलाट हसला. तुला बघवणार नाही, म्हणून सांगते, ये आणि नीट कर. रंग आमचा, शिडी आमची, ठेकेदार कुणी नाही. तुझ्यावर किती लोभ आहे ते त्या वाकड्या साताकडे बघून समज.

मनमाडहून ती पावणेसातला सुटते. तिनेच ये.

तुझी,
सगुणा