सहा पीटर आणि सतरा बिल्ले

३ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी १२.३०

टेव्सकाकांनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं. येत्या चार ऑक्टोबरला आमच्या खिडक्यांच्या कारखान्याला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी सीमेपलीकडच्या मिनेसोटाहून लुंडग्रेन येणार. आमच्या निम्म्या खिडक्या हा एकटा माणूस घेतो. त्याच्याबरोबर चाळीसेक बिल्डर. काकांना दोन गोष्टी हव्यात. कारखान्यातल्या सतराच्या सतरा माणसांच्या छातीवर नावाचा बिल्ला, आणि प्रत्येक बिल्डरला त्याचं नाव घातलेली भेटवस्तू. म्हणाले, इसाक, मी अठ्ठ्याहत्तरचा झालो. हे काम ज्याच्या हातून पार पडेल, त्याच्या हाती त्याच दिवशी व्यवस्थापक म्हणून कारखाना सोपवणार.

हे म्हणताना माझ्याकडे पाहिलं. खोलीत आगाथा रेम्पेलही होती, पण ती ऑफिसातली टायपिस्ट. टिपून घेत होती.

सव्वीस वर्षं इथे काढली. एकोणपन्नासाव्या वर्षी देव दार उघडतो आहे. जेवायला घरी गेलो तेव्हा बायकोला, लीनाला, सांगितलं, शाळेच्या फरश्या पुसायचं काम सोड, आजच हेडमास्तरांना चिठ्ठी दे. तिचा उजवा गुडघा जिना चढताना वाजतो, मला खालच्या खोलीत ऐकू येतो. ती म्हणाली, आधी होऊ तर दे. मी म्हटलं, झाल्यातच जमा आहे.

निश्चय : शुक्रवारपर्यंत ऑर्डर. घाई मात्र नको.

५ सप्टेंबर, गुरुवार

बिल्ल्यांना पिन की लोहचुंबक? पिनेने शर्टाला भोक पडतं. चुंबकाने पडत नाही, पण दोनदा पीटरच्या छातीत पेसमेकर आहे, त्याला चुंबक चालत नाही. (खरं नाव पीटर फ्रीसेन. प्रत्येक वाक्य दोनदा बोलतो. हे नाव अर्थात त्याच्या पाठीमागे.) आगाथा म्हणाली, त्याला पिन, बाकीच्यांना चुंबक, त्यात काय, इसाकभाऊ. तरुण माणसांना सगळंच सोपं दिसतं. मी म्हटलं, बघू.

६ सप्टेंबर, शुक्रवार

ऑर्डर गेली नाही. कारण रास्त आहे. यादीच तयार नव्हती. विनिपेगचा बिल्लेवाला म्हणतो, वीस तारखेला चार वाजेपर्यंत ऑर्डर आली तरच माल वेळेवर. म्हणजे दोन आठवडे हातात आहेत. मी उगाच घाबरलो होतो.

११ सप्टेंबर, बुधवार. सकाळी १०

यादी झाली. आगाथाने केली, मी तपासली. सतरा माणसांत सहा पीटर. सहापैकी तीन पीटर फ्रीसेन. आमच्याकडे मधलं अक्षर आईच्या माहेरच्या आडनावाचं लावतात, तेही लावून पाहिलं. तिघांच्याही आया फ्रीसेनच.

काकांना दाखवली. म्हणाले, लुंडग्रेन हाक मारील, पीटर, आणि सहा डोकी वळतील, मग त्या बिल्ल्यांचा उपयोग काय? काहीतरी कर.

आकडे घालावेत का? पीटर एक ते पीटर सहा. पण सहावा व्हायला कोण तयार होईल? आगाथाने विचारलं, मग काय करायचं? मी म्हटलं, प्रार्थना करतो. बघू.

१५ सप्टेंबर, रविवार

आज उत्तर मिळालं, तेही चर्चमध्ये. उपदेश शिमोनावर होता. प्रभूने त्याला खडक, म्हणजेच पीटर, म्हटलं आणि त्याच नावाने तो जगाला माहीत झाला. म्हणजे टोपणनाव ठेवणं प्रभूला वर्ज्य नव्हतं. गावात प्रत्येक पीटरला वेगळं नाव आहेच. बिल्ल्यावर तेच घालायचं.

दोनदा पीटर. नवा पीटर, हा मेक्सिकोहून १९८८ साली आला. अर्धा-हॅम पीटर, याच्या आजोबांनी पाद्र्याला हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, भेट दिली आणि महिन्याने त्यातलं हाड परत मागितलं. बाकीच्यांनाही आहेतच. लांब एब, उंची पाच फूट दोन इंच, कारण लांब त्याचा बाप होता.

डोळे मिटून आभार मानले. लीनाने कोपराने ढोसलं. तिला वाटलं मला झोप लागली.

१६ सप्टेंबर, सोमवार

आगाथाला कल्पना सांगितली. बराच वेळ टाइपरायटरच्या जुन्या कव्हरवरची धूळ पुसत बसली. मग म्हणाली, इसाकभाऊ, ही नावं आपण पाठीमागे घेतो. तोंडावर कोणी घेत नाही. काहींना तर माहीतही नसेल. मी म्हटलं, प्रेमाने ठेवलेल्या नावात लपवण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांचीच छापायची? मी म्हटलं, सगळ्यांची. एकच नियम, कोणाला सवलत नाही. तिने परत विचारलं, सगळ्यांची?

दोनदा पीटरची सवय हिला लागली की काय.

१९ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३

सोळा ओळी भरून झाल्या. सतरावी माझी, इसाक क्लासेनची. मला टोपणनाव नाही. सव्वीस वर्षांत कोणी ठेवलं नाही, याला लोकांचा आदर म्हणायचं. प्रश्न वेगळाच आहे. नावाखाली व्यवस्थापक घालावं का? घातलं तर काकांआधी मीच घोषणा केल्यासारखं होईल. न घातलं तर चार तारखेला संध्याकाळी बिल्ला जुना होईल. ओळ मोकळी ठेवली आहे. उद्या सकाळी भरीन.

भेटवस्तूही ठरली, मोजायची टेप. खिडक्यावाल्यांना शोभेल. प्रत्येकीवर बिल्डरचं नाव कोरायचं. सोळा फुटी की पंचवीस फुटी, तेवढं राहिलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५

साडेतीनला यादी घेऊन ट्रकमध्ये जाऊन बसलो. तिथे शांत असतं. अक्षरं काळी की निळी हेही सुटलं नव्हतं. परत आलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. आगाथाने चारला पाच कमी असताना ऑर्डर पाठवून दिली होती. मी दोन मिनिटांत पाठवणारच होतो.

माझी ओळ मोकळी होती, त्याचं काय केलंस, असं विचारलं. म्हणाली, तुम्ही सांगितलेल्या नियमानेच भरली.

जास्त खोलात गेलो नाही. मुलगी समजूतदार आहे, तिला कळलं असणार काय घालायचं ते. व्यवस्थापक झाल्यावर तिच्यासाठी खिडकीजवळचं टेबल मागून घेईन.

२५ सप्टेंबर, बुधवार

टेपवाल्याचा फोन. मी कळवायला उशीर केला म्हणे, सोळा फुटी संपल्या, पंचवीस फुटीही संपल्या. फक्त जर्मन बनावटीच्या शिल्लक आहेत, पितळी कडेच्या. चित्र पाहिलं. सुंदर. लगेच हो म्हटलं. आगाथा म्हणाली, मापं विचारलीत का? मी म्हटलं, टेपला मापं असतातच.

लीनाला विचारलं, चिठ्ठी दिलीस का? म्हणाली, तुझं तू बघ.

२ ऑक्टोबर, बुधवार

बिल्ले आले. खोका लहान आहे, बुटाच्या खोक्याएवढा. उघडला नाही. परवा सकाळी सगळ्यांसमोर उघडणार, प्रत्येकाच्या हाती मीच देणार. काकांना सांगितलं, सगळं तयार. ते म्हणाले, तू पाहिलेस? मी म्हटलं, विश्वास असला की पाहावं लागत नाही. काका माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

३ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ११

टेपा आल्या. चाळीस. नावं फार सुरेख कोरली आहेत. मापं सगळी सेंटिमीटरमध्ये आहेत. मिनेसोटाचे बिल्डर जन्मापासून फूट आणि इंच. एकालाही ही टेप वापरता येणार नाही.

दुपारी १

जेवलो नाही. परत पाठवाव्यात तर नावं कोरलेली. बदलून घ्याव्यात तर वेळ नाही. देवा, फक्त उद्याचा दिवस. माझ्यासाठी नाही, लीनाच्या गुडघ्यासाठी. (खोटं कशाला लिहू, माझ्यासाठीही.)

दुपारी ४

आगाथा प्रत्येक टेपेबरोबर घालायला एक कार्ड छापते आहे. काय छापतेस विचारलं तर म्हणाली, तुम्ही घरी जा इसाकभाऊ, तुमचा रंग ठीक नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ८.४०

मशीन बंद करून सगळे जमले. मी छोटी प्रार्थना म्हटली आणि खोका उघडला.

अर्ध्या-हॅम पीटरने बिल्ला वाचला. चष्मा पुसून परत वाचला. विचारलं, हे काय आहे? मग तो म्हणाला, त्या गोष्टीला सत्तर वर्षं झाली. आणि हाड कुत्र्यासाठी मागितलं होतं. नवा पीटर म्हणाला, एकतीस वर्षं झाली मला इथे, आणखी किती वर्षं नवा? लांब एबने बिल्ला खिशात टाकला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वाटलं, संपलं.

मग दोनदा पीटरने आपला बिल्ला घेतला, पिन लावली आणि म्हणाला, बरोबर आहे. बरोबर आहे.

पहिल्यांदा नवा पीटर हसला, मग सगळेच. अर्धा-हॅम पीटर शेवटी हसला, पण सगळ्यांत जास्त वेळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खोक्यात एक बिल्ला उरला होता. माझा. त्यावर छापलं होतं : बघू क्लासेन.

मी म्हटलं, ही चूक आहे. कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. आगाथा हळूच म्हणाली, तुम्हाला माहीत नव्हतं? मी दोनदा विचारलं होतं, सगळ्यांची का म्हणून. मी विचारलं, कधीपासून? दोनदा पीटर म्हणाला, बाप्तिस्म्यापासून. बाप्तिस्म्यापासून.

आमच्याकडे बाप्तिस्मा मोठेपणी घेतात. पाद्र्यांनी मला बाप्तिस्मा घेतोस का असं विसाव्या वर्षी विचारलं होतं. मी चोविसाव्या वर्षी घेतला.

दुपारी २

लुंडग्रेन खूश आहे. एकेकापुढे उभा राहून नावाची गोष्ट विचारतो. अर्ध्या-हॅम पीटरने हाडाची गोष्ट तीनदा सांगितली, तिसऱ्यांदा कुत्र्याचं नावही आलं. टेपेबरोबरच्या कार्डावर आगाथाने छापलंय, मिलिमीटरपर्यंत अचूक, आमच्या खिडक्यांसारखी. लुंडग्रेनने आपली टेप लगेच पट्ट्याला अडकवली.

माझ्यापुढे आला. बिल्ला वाचून म्हणाला, याची काय गोष्ट? मी म्हटलं, नंतर सांगतो.

सायंकाळी ५

काकांनी स्टुलावर चढून जाहीर केलं. आगाथा रेम्पेल. ती लाल झाली. म्हणाली, काका, बिल्ल्यांची कल्पना इसाकभाऊंची होती. काका म्हणाले, माहीत आहे. पाठवले कोणी?

मीही टाळ्या वाजवल्या. जोरात. बिल्ला हललासुद्धा नाही. चुंबक चांगलं आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९

लीना बटाटे सोलत होती तेव्हा सांगितलं. कालपासून कसं सांगावं याचा विचार करत होतो. तुझी नोकरी गेली माझ्यापायी, असं म्हटलं. ती म्हणाली, कुठे गेली? चिठ्ठी दिलीच नाही. का दिली नाहीस? म्हणाली, बघू म्हटलं.

तुलाही ते नाव माहीत होतं? असं विचारलं. सोललेला बटाटा पाण्यात टाकून म्हणाली, तू मागणी घालशील म्हणून दोन उन्हाळे वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं. तेव्हा काय म्हणालास, आठवतं?

आठवतं.

इतकी वर्षं मला वाटत आलं की मी देवाच्या पुढे धावत नाही. तो पुढे जाऊन मागे वळून वाट बघत उभा असेल, हे कधी मनात आलं नाही. उठून जाऊन जिन्यावर बसलो. ती वरच्या खोलीत गेली, तेव्हा गुडघा वाजला.

निश्चय : सोमवारपासून शाळेच्या फरश्या मी पुसणार. आणि यापुढे प्रत्येक काम त्याच दिवशी. लीना म्हणाली, लिहून ठेव. लिहिलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १

काल फरश्या पुसल्या. लगेच सुरुवात केली, कोणाला काही विचारलं नाही. साबण जास्त पडला. लीनाला सगळ्या पुन्हा पुसाव्या लागल्या.

आज सकाळी आगाथा माझ्या टेबलाशी आली. मला खुर्चीतून उठू दिलं नाही. म्हणाली, व्यवस्थापक लिहिलेला एक बिल्ला मागवायचाय, इसाकभाऊ, सवडीने पाठवा. सवडीने हा शब्द लागला. मी तेव्हाच कॉम्प्युटर उघडला. नाव, हुद्दा, चुंबक, काळी अक्षरं. सात मिनिटांत ऑर्डर गेली. पैसेही भरले. आता बदल होत नाही. उठून तिच्या केबिनपर्यंत गेलो आणि सांगितलं, पाठवला.

तिने मान वर केली. म्हणाली, अरे, गेलाही? जरा थांबायचं होतंत. अक्षरं निळी हवी होती.