तुळईचं टोक

प्रिय महामाया,

जय भीम. सासूबाईंचा खोकला उतरला का? जावईबापूंचा गुडघा कसा आहे? लहानीला दात आले असतील. तुझी पाठ दुखत असणार, पण तू ते सांगणार नाहीस. तुझी आई बरी आहे. वेळेवर जेवायला वाढते, माझ्याशी बोलत मात्र नाही.

मंगळवारी भरदुपारी दयारामच्या घरची तुळई खाली आली. कलाबाई भाकरी थापत होती, तिचा खांदा मोडला. तुळई माझ्याच हातची. आत थर्माकोल, भोवती कोंबडीजाळीचे थर, वरून सिमेंटचा गिलावा. दोन माणसं उचलून नेत, म्हणून सारं गाव खूश होतं. चढवण्याआधी मी तिची दोन्ही टोकं विटांवर टेकवून दहा जणांना तिच्या मधोमध उभं करायचो. वाकली नाही की फोटो, पेढे.

तू डिप्लोमाला होतीस तेव्हाची गोष्ट. "बाबा, टोकाकडे जाळी वाढवा, तिथला थर्माकोल काढून भरीव करा. तुळई तिथं कातरली जाते," म्हणालीस. मी मजुरांसमोर हसलो. "तुळई मधात मोडते पोरी, काठाले नाही." मजूरही हसले. त्यानंतर तू माझ्या कामावर पाय ठेवला नाहीस.

दयारामची तुळई मधात सलग आहे. तुटली ती भिंतीपासून हातभरावर, तिरपी, कात्री चालवल्यासारखी.

अशा तुळया अजून अकरा घरांत आहेत. टेकू लावा म्हणून दारोदार फिरलो. लोक मोबाइलमधले तेच फोटो दाखवतात, चहा पाजतात. दयारामची भिंतच कच्ची होती म्हणतात, माझ्याकडे पाहून जानराव म्हातारे झाले म्हणतात. विमलबाईंकडे मी स्वतः टेकूसाठी लाकडाची बल्ली नेऊन दिली. त्यांनी तिच्यावर लुगडी वाळत घातली.

त्यांच्या नातवाचा पाळणा तुळईच्या टोकाशी टांगला आहे. मधात नको, काठाले टांगा, असं सांगून कडी मीच बसवून दिली होती. तिथं केसाएवढी तिरपी भेग आली आहे. पाळणा काढा म्हटलं, तर हसल्या. आता माझं कोणी ऐकत नाही, तुझं ऐकतील याचीही मले फार आशा नाही. तरी इंजिनिअर म्हणून तुझ्या सहीनं लिहून पाठव, की बापाची तुळई चुकीची आहे आणि हे मी तेव्हाच सांगितलं होतं. विहारात सगळ्यांसमोर मी ते मोठ्यानं वाचीन. फोन तू उचलत नाहीस, मागच्या दोन पत्रांनाही उत्तर नाही. राग राहू दे, तो तुझ्या हक्काचा आहे. पण भेग जिथं संपत होती तिथं मी पेन्सिलीनं खूण केली होती, काल ती खुणेपुढे गेली. लवकर लिही.

तुझाच,
बाबा